आधी उजेडात चला

फरीदाबादच्या माझ्या घरमालकीणबाईंनी खोली दाखवण्याआधी माझं नाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. दार उघडलं, माझा डावा हात धरला आणि मला ओढत थेट बाल्कनीत नेलं. तिथे माझ्या बोटातल्या अंगठीकडे वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "मोती आहे. बरा आहे. आईने दिला ना? सेंट मारताना काढून ठेवत जा, सेंटने मोत्याचं पाणी जातं. सामान कधी आणतेस?"

मी पुण्याहून दिल्लीत नोकरीला नुकतीच आले होते. घर शोधून शोधून पायांचे तुकडे पडले होते. प्रत्येक मालक विचारायचा, एकटी आहात का, मांसाहार करता का, रात्री किती वाजता येता. या बाईंनी फक्त मोती पाहिला. मी त्याच आठवड्यात राहायला गेले आणि त्यांना काकू म्हणायला लागले.

काकू मूळच्या अमरावतीच्या, पण सगळी नोकरी दिल्लीत झालेली. रत्नं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त म्हणजे पगार थांबला होता एवढंच. तपासणी चालूच होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात होता आणि काकूंच्या पर्समध्ये रुमाल नसला तरी भिंग असायचंच. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. गल्लीतल्या किराणावाल्याला त्या "तो गोमेद" म्हणायच्या. समोरच्या घरातले बँकेतले साहेब म्हणजे "पिवळा पुष्कराज, तोही रंग खुलवायला तापवलेला". मला त्या फोनवर मुलाशी बोलताना "आपली मोती" म्हणतात हे कळलं, तेव्हा मला उगाचच बढती मिळाल्यासारखं वाटलं.

स्वतः मात्र एकही खडा घालत नसत. विचारलं तर म्हणत, "मिठाईवाला कधी मिठाई खातो का गं?"

त्यांच्या माळ्यावर लोणच्याच्या बरण्या नव्हत्या, पापड नव्हते. तिथे होते जुने पिवळे बल्ब, तारेचे, तापणारे. खोकीच्या खोकी, प्रत्येक बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाजारात एलईडी आले, लोकांनी पिवळे बल्ब फेकायला काढले, तेव्हा काकूंनी कॉलनीभर हिंडून ते गोळा केले होते. भंगारवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "भैया, पीला बल्ब मिला तो सीधा मेरे पास." तो बिचारा फुटकेसुद्धा आणून द्यायचा.

आणि उजेडावाचून त्यांचं पान हलत नसे. एकदा मी त्यांच्याबरोबर सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेले. कपड्यांच्या ढिगावर दोन्ही बाजूंनी बायका तुटून पडलेल्या, दुकानदार स्टुलावर उभा राहून ओरडतोय, आणि काकूंनी एक मरून स्वेटर उचलला आणि दुकानातून चालायला लागल्या.

"ओ आंटी! पैसे!"

"पहले उजाले में तो चलो!" काकू मागे न बघता म्हणाल्या.

तो पळत आला. काकूंनी त्याला रस्त्याच्या मधोमध उन्हात उभं केलं, स्वेटर त्याच्याच छातीला लावला आणि म्हणाल्या, "अब बताओ, ये मरून है? ये तो ब्राउन है, बेटा. तुम्हारी ट्यूबलाइट झूठ बोल रही है." चार बायका जमल्या. त्यांनीही आपापले कपडे उन्हात धरून बघायला सुरुवात केली. दोघींनी परत केले. दुकानदाराने हात जोडून आम्हाला तिथून घालवलं. मेट्रोत बसेपर्यंत काकूंचा चेहरा आनंदाने नुसता फुललेला होता.

त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच खडा होता, तुरीच्या दाण्याएवढा. तो त्यांनी मला दाखवला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. दर रविवारी सकाळी त्या एका वाटीत कोमट पाणी घेत, त्यात साबणाचा थेंब टाकत आणि लहान मुलाच्या दात घासायच्या ब्रशने तो खडा धूत. त्या रविवारी मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी तो मलमलच्या फडक्यावर टिपून माझ्या तळहातावर ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. खडा हिरवा होता, कोवळ्या चिंचेच्या पानासारखा.

"रंग?"

"हिरवा."

"नक्की?"

"नक्की, काकू."

त्यांनी फटाफट पडदे ओढले आणि पिवळा बल्ब लावला. माझ्या हातात डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडालाल खडा होता. मी इतक्या जोरात किंचाळले की चहा सांडला. मी पडदा उघडला. हिरवा. बंद केला. लाल! मी वेड्यासारखी पडदे ओढत होते आणि काकू पलंगावर बसून टाळ्या वाजवत होत्या.

"अलेक्झांड्राइट," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा रशियात सापडला, तिथल्या कुणा राजपुत्राचं नाव दिलंय. आपल्याकडे आंध्रात, ओडिशातही मिळतो. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग जास्त असतो, दिव्यात तांबडा. आणि हा लबाड बरोबर दोन्हींच्या मध्ये बसलाय. जो उजेड जास्त, तो रंग."

"म्हणजे दुतोंडी."

माझ्या या शब्दावर काकू चिडल्या. खऱ्याखुऱ्या चिडल्या. "ज्योतिषी असंच सांगतात! नशीब पालटतो म्हणे, घालणारा चंचल होतो म्हणे. त्याने काय केलंय गं? उजेड बदलला तुम्ही आणि नाव त्याला!" मग थोड्या निवळल्या आणि खडा एका वेगळ्या मखमली पिशवीत ठेवत मला समजावू लागल्या. "याला हिऱ्याबरोबर ठेवायचं नाही, माणिक-नीलमबरोबरही नाही. ते याला ओरखडे पाडतात आणि हा बाकीच्यांना पाडतो. याची खोली वेगळी हवी. आणि बाजारात नव्वद टक्के खोटा मिळतो हं. तो राखाडी निळ्याचा जांभळा होतो. हिरवा कधीच होत नाही. हिरवा दिसला, की मान ताठ करून बघायचं."

नव्वद टक्के हा आकडा त्यांनी मनानेच ठोकला होता, हे मला तेव्हाही कळलं.

माझी मावशी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा मी हौसेने काकूंना घेऊन गेले. काकूंनी तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि एका मोठ्या साहेबांच्या पत्नीचा हात हातात घेऊन त्यांना गॅलरीत नेलं. परत येताना भर बायकांत म्हणाल्या, "माणिक नाही हो हे. काच आहे. पण काच चांगली आहे."

त्या बाईंनी तो खडा नवऱ्याच्या बढतीसाठी घातला होता. त्या रडायलाच लागल्या. मावशीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "या बाईला परत माझ्या दारात आणलंस तर बघ!"

घरी येताना काकूंनी मेट्रोत तोंड खिडकीकडे वळवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "खोटं कसं सांगायचं गं? येतच नाही मला."

त्याच वर्षी डिसेंबरात मावशीच्या मुलीचा, ऋजुताचा, साखरपुडा ठरला. मुलगा दिल्लीचाच, वरुण. दोघं एकाच ऑफिसात होती. काकूंना कळल्यावर त्या लहान मुलीसारख्या मागे लागल्या. दिल्लीतलं लग्नकार्य म्हणजे त्यांच्या दृष्टीने प्रदर्शन! मी मावशीला फोन केला, हातापाया पडले. मावशी म्हणाली, "येऊ दे. पण तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही." काकूंनी देवासमोर उभं राहून शपथ घेतली आणि भिंग माझ्या स्वाधीन केलं.

कार्यक्रम दुपारचा होता, हिरवळीवर. थंडीतलं कोवळं ऊन, झेंडूच्या माळा, चाटचे स्टॉल. वरुणच्या आईने, म्हणजे शर्माआंटींनी, आपल्या सासूबाईंची जुनी अंगठी लॉकरमधून काढून आणली होती. "हमारी अम्मा जी का पन्ना है," त्या कौतुकाने सगळ्यांना दाखवत होत्या. वरुणने ती ऋजुताच्या बोटात घातली, टाळ्या पडल्या, आणि माझ्या मनगटात काकूंची नखं रुतली.

"पाचू नाही तो," त्या कुजबुजल्या. डोळे विस्फारलेले. "हात वळवला तेव्हा बघितलंस? कडेला जांभळी झाक मारली. पाचू असं करत नाही. अगं, पाचू नाही तो!"

"काकू, शपथ!"

"बोलत नाहीये मी. मी कुठे बोलतेय?"

त्यानंतर दोन तास त्या बाईंनी एक घास खाल्ला नाही. त्या ऋजुताच्या हातावर नजर लावून बसल्या आणि मला सारखं विचारत राहिल्या, "आत कधी जायचं? आतले दिवे कसले आहेत? जरा बघून ये ना." मी पाहून आले. आत जुनी झुंबरं होती, पिवळ्या बल्बांची. हे ऐकल्यावर त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले. एवढ्या दीडशे-दोनशे माणसांत पुढे काय होणार ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं!

ऊन उतरलं, गारठा वाढला, आणि मंडळी जेवायला आत निघाली. ऋजुता शर्माआंटींच्या शेजारून झुंबराखाली आली. हिरवा खडा तांबडालाल झाला. काकूंच्या तोंडून एक आनंदाचा चीत्कार निघाला आणि त्याच क्षणी शर्माआंटी ओरडल्या.

"ये क्या है? पन्ना कहाँ है?"

सगळं थांबलं. आंटींनी ऋजुताचा हात धरून वर केला. "ये हमारी अंगूठी नहीं है! हरा पत्थर था, सबने देखा. किसने बदली?"

"आंटी, मैंने उतारी भी नहीं," ऋजुता म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वॉशरूम गई थीं ना तुम? अपनी बहन के साथ?"

बहीण म्हणजे मी. हिरवळीला लागून असलेल्या, ट्यूबलाइटच्या वॉशरूममध्ये मी तिच्याबरोबर गेले होते. मावशीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. वरुण "मम्मी, प्लीज... मम्मी" एवढंच म्हणत राहिला. ऋजुताने अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली. "देख लीजिए. मुझे नहीं चाहिए."

मी काकूंकडे पाहिलं. त्या लाल झाल्या होत्या, ओठ गच्च मिटलेले. मग त्या गर्दीतून वाट काढत मावशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, "बोलू का?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, बोला ना!"

मग काकूंचा जो आवाज लागला! "सब लोग छत पर चलिए! अभी! पाँच मिनट में उजाला चला जाएगा!" त्यांनी टेबलावरची अंगठी उचलली, शर्माआंटींच्या हातात दिली आणि मूठ बंद केली. "आप ही पकड़िए. मेरे हाथ में मत दीजिए, फिर कहेंगी मैंने बदली." आणि त्या जिन्याकडे धावल्या. गुडघे दुखतात म्हणून घरी दोन पायऱ्यांवर टेकणारी बाई साडीचा ओचा धरून तीन मजले चढली. मागे आंटी, ऋजुता, वरुण, मावशी, मी, आणि हातात चाटच्या प्लेटा घेतलेले निम्मे पाहुणे.

गच्चीवर सूर्य धुरकट केशरी होऊन टेकायला आला होता. आंटी घाईघाईने सूर्याकडे तोंड करून मूठ उघडायला लागल्या.

"उधर नहीं!" काकू गरजल्या. "डूबता सूरज भी दीये जैसा लाल है. पीठ कीजिए उसकी तरफ! वो जो नीला आसमान बचा है ना, उधर!"

सगळ्या गर्दीने एकदम पाठ फिरवली. आंटींनी मूठ उघडली. पूर्वेच्या निळसर उजेडात खडा हिरवागार होता.

कुणीतरी "ओहो!" केलं. मग सगळेच बोलायला लागले. काकूंनी आंटींना जिन्याच्या दारातल्या पिवळ्या दिव्याखाली नेलं: लाल. बाहेर आणलं: हिरवा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी त्यांना कुणी न्यावं लागलं नाही. आंटी स्वतःच जात-येत होत्या, तोंडावर हात ठेवून.

"तो ये नक़ली पन्ना है?" त्यांनी अखेर विचारलं.

"पन्ना ही नहीं है, बहन जी," काकू म्हणाल्या. "पन्ने से कहीं ज़्यादा दुर्लभ चीज़ है. पक्का तो लैब में बताऊँगी. पर अंगूठी वही है. एक ही है."

"एक ही है?"

हा प्रश्न शर्माअंकलनी विचारला होता. ते खाली आचाऱ्याशी बोलत होते, गडबड ऐकून आत्ता वर आले होते. त्यांनी बायकोच्या हातातली अंगठी घेतली आणि पिवळ्या दिव्याखाली धरली. मग तिथल्या पायरीवरच बसले.

"ये तो माँ की लाल वाली है," ते म्हणाले.

शर्माआंटींनी पटकन भिंत धरली. बाकी आम्हाला कुणालाच काही कळेना. मग अंकलनीच सांगितलं, थांबत थांबत. त्यांच्या लहानपणी घरात पिवळे बल्ब होते. आई संध्याकाळी आरती करायची तेव्हा तिच्या हातात लाल खड्याची अंगठी असायची, दिवसा हिरव्या खड्याची. घडण एकच, म्हणून पोरांना वाटायचं जोड आहे. विचारलं की ती हसायची, "दिन की सहेली अलग, शाम की अलग." पुढे घरात ट्यूबलाइट आल्या, आईने अंगठी लॉकरमध्ये ठेवली, आणि ती गेल्यावर लॉकर उघडला तेव्हा एकच अंगठी निघाली. हिरवी. लाल कुठे गेली? शेवटच्या आजारपणात आईजवळ राहिली होती त्यांची मोठी बहीण. लॉकरची किल्ली तिच्याकडे होती.

"जीजी ने कितनी क़समें खाईं," अंकल म्हणाले. "मैंने नहीं मानी. तब से बात नहीं की. आज भी नहीं बुलाया."

खालून बँडचे सूर ऐकू येत होते. काकू, ज्या इतका वेळ विजयी चेहऱ्याने उभ्या होत्या, त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांना फक्त हा खडा दिसला होता. त्याच्यामागे चोर ठरवलेली एक बाई उभी असेल, हे त्यांना कुठून दिसणार?

पहिली बोलली ती ऋजुता. "अंकल, उन्हें फ़ोन कीजिए. वो आएँगी तो मैं पहनूँगी. नहीं आईं तो नहीं पहनूँगी." मग ती वरुणकडे वळली आणि मराठीत म्हणाली, त्याला थोडं थोडं कळायचं, "आणि तू. तुझ्याशी मला वेगळं बोलायचंय. 'मम्मी प्लीज' म्हणजे काय असतं रे?"

वरुणने मान खाली घातली. मग आईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मम्मी, आप सबके सामने ऋजुता से माफ़ी माँगिए. पहले मैं माँगता हूँ." त्याने मागितली. आंटींनीही मागितली, ऋजुताची आणि माझी. मी इतकी गोंधळले की "इट्स ओके, आंटी" म्हणून त्यांच्याच पाया पडले.

अंकलनी फोन लावला. पलीकडून "हलो" आला. "जीजी..." म्हणाले आणि फोन कानाला लावून नुसते रडत राहिले. आंटींनी फोन हातात घेतला. "जीजी, मैं बोल रही हूँ. आपने नहीं ली थी. दूसरी थी ही नहीं. आप आ जाइए, मैं गाड़ी भेजती हूँ."

जीजी, म्हणजे वरुणच्या आत्या, सगळ्यांच्या बुआजी, नोएडाला राहायच्या. त्या येईपर्यंत कोणी जेवलं नाही. पाहुण्यांना काही सांगावंच लागलं नाही, गोष्ट तोवर हॉलभर पसरली होती आणि जो तो दाराकडे बघत होता. काकू एका कोपऱ्यात बसल्या होत्या. मी भिंग परत दिलं तर म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच."

बुआजी आल्या त्या घरच्याच साडीत, वर एक विटकी शाल. बारीकशा, वाकलेल्या. शर्माआंटी धावत गेल्या आणि त्यांच्या पायांवर कोसळल्या. बुआजींनी त्यांना उठवलं. सरळ ऋजुतापाशी आल्या. ऋजुताने अंगठी त्यांच्या हातात ठेवली. झुंबराखाली खडा लालभडक होता. बुआजींनी तो गालाला लावला, कुणीही बघत नसल्यासारखा. मग ऋजुताचा हात घेऊन अंगठी तिच्या बोटात सरकवली आणि हॉलमध्ये दुपारपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर बुआजी भावाकडे वळल्या. "मैंने कहा था ना, मुन्ना," त्या म्हणाल्या. "नहीं ली थी."

"हाँ, जीजी."

"कहा था ना?"

"हाँ."

मला वाटलं आता काकू पुढे होतील. तिथे, हाताच्या अंतरावर, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत देखणा खडा होता आणि आता तो बघायला त्यांना कुणीही अडवलं नसतं. पण त्यांनी माझा दंड धरला आणि मला दुसऱ्या बाजूला वळवलं.

"चल, आपण जेवून घेऊ," त्या म्हणाल्या. "बोलू दे त्यांना."

आणि अंगठीकडे एकदाही वळून न बघता त्या प्लेट घ्यायला गेल्या.